रॅप ऐकतो म्हणून हात उचलतो?

वडिलांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर माझ्यासमोर उलगडून ठेवला. सुवाच्य अक्षरात, ओळींना क्रमांक घालून लिहिलेलं एक गाणं. शिव्यांच्या जागी टिंबं. तीन ओळींखाली लाल रेघा.

"मी स्वतः बसून उतरवून घेतलंय. दोन रात्री गेल्या," ते म्हणाले. "इतकं भरभर बोलतात की शब्द कळत नाही. पण तुम्ही हे वाचा मॅडम, आणि मग मला सांगा, दिवसरात्र हे ऐकणारं पोरगं दुसरं काय करणार?"

त्यांच्या शेजारी आई बसली होती. पलीकडच्या खुर्चीत, बुटाच्या नाडीवर नजर लावून, तो. वय सोळा.

आठ दिवसांपूर्वी त्याने वर्गातल्या एका मुलाच्या तोंडावर ठोसा मारला होता. एकच, पण त्या मुलाच्या नाकाचं हाड मोडलं. शाळेने याला दोन आठवडे घरी बसवलं. वर्गशिक्षकांनी आईवडिलांना बोलावून सांगितलं, की हल्लीची मुलं जे रॅप ऐकतात त्याचाच हा परिणाम, आधी ते बंद करा. दोघांनाही ते पटलं. मुलगा आधी शांत होता, वर्षभरापासून रॅप ऐकायला लागला आणि आता हे घडलं. दोन आणि दोन चार.

(पुढचं सगळं त्याची आणि दोघा पालकांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खोटं नाव देण्यापेक्षा नावच दिलेलं नाही.)

मी समुपदेशक आहे, हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. कधी गेम असतो, कधी सिनेमा, हल्ली बऱ्याचदा रॅप. पालक विचारतात, "यानेच बिघडला ना?" त्या विचारण्यात थोडी विनवणीही असते. गाणं दोषी निघालं तर उपाय सोपा असतो, एक बटण दाबलं की झालं.

मी कागद वाचला आणि खरं सांगायचं तर मलाही धक्का बसला. रेघ मारलेल्या ओळींत कुणाला तरी जमिनीत गाडायची भाषा होती. एका ओळीत बायकांविषयी जे लिहिलं होतं ते वाचून माझा पाराच चढला. त्या चढलेल्या पाऱ्यातच मी पहिली चूक केली. मुलाशी एकट्याने पंधरा मिनिटं बोलले. त्याने "हो", "नाही", "माहीत नाही" यांपलीकडे काही दिलं नाही. मग मी वडिलांच्या सूचनेला मान डोलावली, की पंधरा दिवस गाणी बंद, हेडफोन कपाटात, बघू काय फरक पडतो.

फरक पडला. चौथ्या रात्री त्याने न्हाणीघराच्या दाराची काच मुठीने फोडली. हाताला सहा टाके पडले.

आईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "गाणी तर बंद होती मॅडम," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या भेटीत मी आधी त्याची माफी मागितली. बंदीचा निर्णय मी त्याचं न ऐकता घेतला होता. सोळा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या माफीची सवय नसते, त्यामुळे ती संशयाने बघतात. तोही तसाच बघत राहिला. मग मी म्हटलं, "ते गाणं इथे लाव. मला ऐकायचंय."

"इथे?"

"इथे. पूर्ण आवाजात नको, शेजारच्या खोलीत माझ्या सहकारी बसतात."

त्याने लावलं. मला बीट कळली, शब्द अजिबात कळले नाहीत. माझा चेहरा बघून तो पहिल्यांदा हसला. मग गाणं थांबवून थांबवून एकेक ओळ सांगू लागला. लाल रेघेच्या ओळीवर आल्यावर मी विचारलं, "हे गाडणं म्हणजे?"

"मॅडम, ते बॅटलमधलं आहे, रॅपरांचा शब्दांचा सामना असतो तो. समोरच्या रॅपरला म्हणतोय. गाडीन म्हणजे माझे बार्स, माझ्या ओळी भारी आहेत, तू माझ्यापुढे टिकणार नाहीस. खरं गाडायचं असतं तर गाणं कशाला लिहिलं असतं?"

शेवटचं वाक्य वकिली होतं, पण अगदीच चुकीचं नव्हतं.

बुटाच्या नाडीकडे बघणाऱ्या त्याच मुलाने मग मला जवळजवळ अर्धा तास इतिहास शिकवला. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, सत्तरचं दशक, जळलेल्या आणि ओस पडलेल्या इमारती, गल्लीगल्लीत टोळ्या. १९७१ मध्ये एका टोळीचा तरुण दोन गटांतलं भांडण मिटवायला गेला आणि मारला गेला. सगळ्यांना वाटलं, आता रक्ताचे पाट वाहणार. पण त्याच्याच टोळीच्या म्होरक्यांनी सूड नाकारला आणि डिसेंबरात सगळ्या टोळ्यांची बैठक घेऊन समेट केला. त्यानंतर पोरं एकमेकांच्या हद्दीतल्या पार्ट्यांना जायला लागली. ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवायच्या दोन टर्नटेबलवर गाण्याचा ठेक्याचा तुकडा लांबवला. रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपचा वाढदिवस तोच मानतात. "मारामारीच्या जागी बॅटल आलं मॅडम. नाचाचं, शब्दांचं. हरलास तर घरी जा, दवाखान्यात नाही."

मी नंतर ताडून पाहिलं. तारखा बरोबर होत्या. "मारामारीच्या जागी" हे थोडं गोड करून सांगितलेलं आहे, हिंसा काही त्या बैठकीने संपली नाही. पण रॅपचं मूळ टोळीयुद्धात आहे असं जे आपण धरून चालतो, त्यापेक्षा हे सत्याच्या बरंच जवळचं आहे.

त्या भेटीत मी त्याला नेहमीचे प्रश्नही सरळ विचारले. कुणाला इजा करायचं मनात येतं का? जवळ काही बाळगतोस का? दारू, नशा? स्वतःला संपवावं असं वाटतं का? आधी कधी मारामारी? हे प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते शिरतं अशी भीती पालकांना असते. उलट बहुतेक मुलांचा जीव हलका होतो, कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून. त्याची उत्तरं नकारार्थी होती. फक्त झोपेबद्दल विचारल्यावर तो थांबला. "हेडफोन असले तर लागते."

"हेडफोन कशासाठी लागतात?"

"बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून."

त्या दिवशी मी पुढे गेले नाही. दारं हळूच उघडावी लागतात, आणि एक मी आधीच आपटलं होतं.

मधल्या आठवड्यात वडील एकटे भेटायला आले. ते चिडले होते, कारण मी हेडफोन परत द्यायला सांगितलं होतं. "तुमचं शास्त्र काय म्हणतं ते तरी सांगा. गाण्याचा परिणाम होत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

नाही, तसं मला म्हणता येत नाही. मी त्यांना जसं सांगितलं तसंच इथे सांगते.

२००३ साली अमेरिकेत क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रयोग प्रसिद्ध केले. पाचशेहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींना हिंसक शब्दांची गाणी ऐकवली, काहींना तशाच चालीची पण साधी. हिंसक गाणी ऐकणाऱ्यांच्या मनात शत्रुत्वाची भावना आणि आक्रमक विचार जास्त दिसले. अर्धवट दिलेला शब्द पुरा करायला सांगितला तर ते मारामारीकडे झुकणारा शब्द पुरा करायचे. वडिलांचे डोळे चमकले. पण मी त्यांना पुढचंही ऐकायला लावलं. मोजले गेले ते त्या घटकेचे विचार आणि भावना, कुणी कुणाला मारलं का हे नव्हे. आणि ती गाणी बहुतेक रॅप नव्हतीच, त्यांत रॉक होतं, विनोदी गाणीसुद्धा होती. त्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला, १४ ते १८ वयाच्या ५२२ कृष्णवर्णीय मुलींचा, वर्षभर मागोवा घेतलेला. रॅपचे व्हिडिओ जास्त बघणाऱ्या मुलींनी शिक्षकांवर हात उचलण्याचं आणि त्यांना अटक होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. हा आकडा मी लपवत नाही. पण व्हिडिओंमुळे तसं झालं, की आधीच पेटलेल्या मुली तसे व्हिडिओ शोधत होत्या, हे अशा अभ्यासातून ठरत नाही.

मग मी त्यांना कॅरी फ्राइडचा प्रयोग सांगितला, तो माझा आवडता आहे. १९९६ मध्ये त्यांनी लोकांना एका गाण्याचे शब्द छापून दिले. एक तरुण पोलिसाला गोळी घालतो, अशी हकिगत. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं हे ग्रामीण बाजाचं कंट्री गाणं आहे. शब्द तेच, काना-मात्रेचाही फरक नाही. रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते जास्त आक्षेपार्ह आणि धोकादायक वाटलं. प्रत्यक्षात ते १९६० च्या सुमाराचं एका लोकगीत गाणाऱ्या गटाचं गाणं होतं. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग नव्याने केला आणि निष्कर्ष तसाच आला.

वडील म्हणाले, "म्हणजे मी पूर्वग्रहाने बघतोय?"

"मीसुद्धा बघितलं ना. कागद वाचून मीच बंदीला हो म्हटलं."

आणखी एक गोष्ट त्यांच्या हिशेबी मनाला पटली. अमेरिकेत किशोरवयीन मुलांना हिंसक गुन्ह्यांत होणाऱ्या अटका १९९४ मध्ये शिखरावर होत्या, नंतर त्या वेगाने उतरत गेल्या. त्याच वर्षांत रॅप गल्लीतून निघून घराघरांत पोचत होतं, आणि २०१७ पर्यंत आर अँड बी-हिप-हॉप, म्हणजे रॅप ज्यात मोडतं तो गट, हा त्या देशात सगळ्यात जास्त ऐकला जाणारा संगीतप्रकार झाला. रॅपने हिंसा कमी केली असा याचा अर्थ नाही. मात्र रॅप वाढलं की मारामारी वाढते हा हिशेब इथे जुळत नाही एवढं नक्की.

"मग मारामारी येते कुठून?" त्यांनी विचारलं.

हिंसेकडे वळलेल्या मुलांच्या आयुष्यात जी कारणं जगभर पुन्हा पुन्हा सापडतात ती मी सांगत गेले. मारहाण करणारे मित्र. दारू आणि नशा. हाताशी सहज येणारं हत्यार. शाळेशी तुटलेलं नातं. पुढे काही होणार नाही ही भावना. लहानपणापासून खाल्लेला मार. आणि घरात डोळ्यांदेखत होणारी हिंसा, मग ती शब्दांची का असेना. शेवटच्यावर ते घड्याळाकडे बघू लागले. मी ते टिपलं, बोलले नाही.

मुलाला मी एक साधं काम दिलं होतं. कधी ऐकलंस, त्याआधी काय झालं होतं, ऐकल्यावर काय वाटलं, एवढंच वहीत लिहायचं. पुढच्या भेटीत वही आली. नोंदी त्रोटक होत्या, पण त्यांची एक जात होती. "रात्री ११. घरात आवाज. २ तास ऐकलं. झोप." "रात्री १०:३०. आवाज. ऐकलं. बरं." "शाळेत जाताना. असंच." ज्याला वडील आगीतलं तेल समजत होते ते हा मुलगा पाणी म्हणून वापरत होता. यात विचित्र काही नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये कर्कश मेटल संगीताच्या ३९ चाहत्यांवर एक छोटा प्रयोग झाला होता. आधी त्यांना रागाच्या आठवणी काढायला लावल्या, मग काहींना त्यांचं संगीत ऐकू दिलं, काहींना गप्प बसवलं. संगीताने त्यांचा राग भडकला नाही. गप्प बसलेल्यांसारखाच तोही ओसरला, वर थोडी उभारी आली. रागाशी जुळणारं गाणं रागाला सोबत करतं. सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असं नाही. काही मुलं तेच तेच ऐकून डूख धरून बसतात, आणि म्हणूनच "ऐकल्यावर काय वाटलं" हा रकाना महत्त्वाचा.

"ज्या दिवशी मारलंस, त्या दिवसाचं लिही," मी म्हटलं.

त्याने पेन हातात धरून ठेवलं. मग न लिहिता बोलला. त्या दिवशी त्याने एकही गाणं ऐकलं नव्हतं. ऐकू शकलाच नसता. दोन दिवस आधी वडिलांनी हेडफोन काढून घेतले होते, रात्री उशिरापर्यंत ऐकतो म्हणून. आदल्या रात्री तो हेडफोनशिवाय मोबाइलवर चार मित्रांबरोबर गेम खेळत होता, फोन मांडीवर, माइक उघडा. पलीकडच्या खोलीत वडिलांचा आवाज चढला. आईला उद्देशून. नेहमीचे शब्द. त्याने माइक बंद करायला बोट नेईपर्यंत अर्धं मिनिट गेलं होतं. चौघांपैकी एकाने ते अर्धं मिनिट साठवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाने वर्गात ते लावलं. आणि वर वडिलांची नक्कल केली. मुलं हसली.

"हसले त्याचं काही नाही," तो म्हणाला. "आईचा आवाज पण होता त्यात. ती 'हळू बोला' म्हणत होती."

एवढं सांगून झाल्यावर त्याने फोन काढला आणि स्वतः लिहिलेलं दाखवलं. कुणालाच दाखवलेलं नव्हतं. त्यातल्या चार ओळी इथे द्यायला त्याने होकार दिला आहे. "पाचवी नको."

भिंत एवढी पातळ की तिचा श्वास ऐकू येतो,
तो आवाज चढवतो, मी आवाज वाढवतो,
व्हॉल्यूम शंभरवर तरी फटीतून शिरतो शब्द,
सकाळी टेबलाशी तिघं, आणि तिघंही स्तब्ध.

इथून पुढे माझं काम बदललं. आईला मी वेगळं बोलावलं. ते हात उचलतात का, तुम्हाला भीती वाटते का, वेळ पडली तर रात्री कुणाकडे जाता येईल, हे सगळं नीट विचारलं. हात कधी उचलला नव्हता. वस्तू फेकल्या होत्या, दोनदा. कुठे जायचं आणि कुणाला फोन करायचा, हे आम्ही तिच्यापुरतं ठरवून ठेवलं. निघताना ती म्हणाली, "मला कळत होतं मॅडम. पण गाणंच कारण निघू दे, अशी मी रोज प्रार्थना करत होते."

वडिलांना काय सांगायचं हे मुलाने ठरवलं. "रेकॉर्ड झालं आणि वर्गात वाजलं, एवढंच सांगा. माझं लिहिलेलं दाखवू नका."

मी तेवढंच सांगितलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, "कोणी रेकॉर्ड केलं? दुसऱ्याच्या घरातलं असं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे!" एक गुन्हेगार हातचा गेला की माणूस लगेच दुसरा शोधतो. आठ दिवसांपूर्वी गाणं, आता रेकॉर्ड करणारा. मी गप्प राहिले. माझ्या फायलीत तो कागद होता आणि फाइल टेबलावर उघडी होती. ठरवून ठेवली नव्हती, असं म्हटलं तर अर्धं खोटं होईल.

बऱ्याच वेळाने ते कागदाकडे बघून म्हणाले, "टिंबं कशाला दिली मी, कुणास ठाऊक. पाठच आहेत त्याला."

ही गोष्ट इथे संपवली असती तर फार छान दिसली असती. गाणं निर्दोष, बाप दोषी, पडदा. पण मग मी शिक्षकांपेक्षा वेगळं काय केलं? फक्त आरोपी बदलला. आणि मुलाला तो बदल फारच सोयीचा होता. पुढच्या भेटीत तो म्हणालाच, "म्हणजे बाबांमुळे झालं."

"मूठ कुणाची होती?"

"पण त्याने—"

"त्याने जे केलं ते नीच होतं. त्याचं नाक ज्या मुठीने मोडलं ती कुणाची?"

तो चिडला. दोन भेटी नीट बोललाच नाही. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात खरं अवघड काम ते होतं, गाण्याचं नव्हे. अपमान झाला की छातीत जे उसळतं ते आणि हात उठतो ते, यांच्यात काही सेकंद असतात. त्या सेकंदांत काय करता येईल याची आम्ही अक्षरशः तालीम केली. मी त्याची नक्कल करायची, वाईट नक्कल, आणि त्याने वर्गाबाहेर निघून जायचं. पहिल्या वेळी तो खुर्चीतून उठलाच नाही, मुठी आवळून बसला. श्वास मोजायचा मंत्र त्याला हास्यास्पद वाटला. मग त्याने स्वतःच तोडगा काढला, मनात चार बीट मोजायच्या आणि पाचवीला पाय उचलायचा. पुस्तकातला श्वास आणि त्याची बीट यांत शरीराच्या दृष्टीने फार फरक नाही. फरक एवढाच, की बीट त्याची होती.

कामाला रॅप वापरणं ही माझी कल्पना नव्हे. एडगर टायसन या समाजकार्याच्या अभ्यासकाने २००२ मध्येच तरुणांच्या गटांत हिप-हॉपच्या आधाराने समुपदेशन करण्यावर लिहिलं होतं, आणि आज अनेक ठिकाणी मुलं समुपदेशकासमोर स्वतःची कडवी लिहितात, रेकॉर्ड करतात. मी त्यात प्रशिक्षित नाही. मी फक्त ऐकलं, आणि जिथे कळलं नाही तिथे विचारलं.

आणि भांडलेही. कागदावरच्या बायकांविषयीच्या त्या ओळीबद्दल मी त्याला स्पष्ट सांगितलं, की ही ओळ मला घाणेरडी वाटते. तो म्हणाला, "ते नुसतं कॅरेक्टर आहे." मी म्हटलं, "तुझ्या घरात जो आवाज येतो त्यातले शब्द आणि या ओळीतले शब्द शेजारी ठेव." तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याने गाणं सोडलं नाही. पण पुढे एकदा सांगितलं, की ती ओळ आली की आपण म्हणत नाही, पुढच्यावर उडी मारतो. गाणी निर्दोष असतात असं माझं म्हणणं नाहीच. त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि वाद घालायचा तर आधी ऐकावं लागतं.

पालक विचारतात, मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण जागा बघून. गाणं आणि खरं वैर एकमेकांत मिसळतं अशी उदाहरणं आहेत. लंडनमध्ये ड्रिल या रॅपच्या प्रकारात एकमेकांशी वैर असलेल्या गटांतल्या मुलांनी परस्परांना डिवचणारे व्हिडिओ टाकले, आणि २०१८ मध्ये पोलिसांच्या विनंतीवरून यूट्यूबने तीसहून अधिक व्हिडिओ काढून टाकले. त्यावर मोठा वाद झाला, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा होता, कारण सोपं लक्ष्य पुन्हा गाणंच झालं. उलट्या बाजूने, अमेरिकेतल्या न्यायालयांत आरोपीने लिहिलेली रॅपची कडवी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून इतक्यांदा वाचली गेली, की २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाला त्याला आळा घालणारा कायदा करावा लागला. लिहिणारा "मी" आणि जगणारा "मी" एकच धरणं किती महागात पडतं हे त्यातून दिसतं.

तेव्हा तुमच्या मुलाच्या गाण्यात एखाद्या खऱ्या, ओळखीच्या मुलाचं नाव आणि धमकी येत असेल, त्याच्याकडे हत्यार दिसलं असेल, मित्रांचा कंपू बदलला असेल, तो प्राण्यांना किंवा धाकट्यांना इजा करत असेल, किंवा स्वतःला संपवण्याची भाषा करत असेल, तर कागद लिहीत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या. बाकी वेळी "हे काय घाणेरडं ऐकतोस" याऐवजी "हे कधी ऐकावंसं वाटतं तुला" असं विचारून बघा. उत्तर लगेच मिळत नाही. मला तिसऱ्या भेटीत मिळालं, आणि मी याचे पैसे घेते.

आता काय चाललंय ते सांगते. वडील त्यांच्यासाठी वेगळ्या समुपदेशकाकडे जातात. आवाज चढणं थांबलेलं नाही, मध्ये तीन आठवडे शांत गेले, मग एक रात्र वाईट गेली. त्या रात्री ते घराबाहेर निघून गेले आणि तासाने परत आले. आईच्या मते हे पहिल्यांदाच झालं. शाळेने वर्गात ते रेकॉर्डिंग वाजवणाऱ्याला समज दिली. गाण्यांबद्दल शिक्षकांचं मत बदललेलं नाही.

तो त्या मुलाची माफी मागायला गेला. मी सुचवलं होतं, पण दिवस त्याने निवडला. काय बोलायचं ते चार वेळा लिहून खोडलं होतं, त्यात यमक जुळायला लागलं म्हणून. शेवटी म्हणाला, "नाकाबद्दल सॉरी. बाकीचं तू बघ." समोरचा काही बोलला नाही. रेकॉर्डिंग त्याने त्याच्या देखत पुसलं आणि निघून गेला. आता दोघं वर्गात वेगवेगळ्या टोकांना बसतात.

तो कागद मी वडिलांना परत देऊ केला. त्यांनी घेतला नाही, मुलाने मागून घेतला. "बाबांनी तीन ओळी चुकीच्या ऐकल्यात," तो म्हणाला, आणि पेन काढून माझ्याच टेबलावर दुरुस्त करायला बसला.